संकटकाळातील घरचे शिक्षण आणि घरच्यांचे मनःस्वास्थ्य

बीड हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा. बालाघाटच्या डोंगररांगांतील हलक्या जमिनी, बेभरवशाचा पाऊस आणि सिंचनाची अपुरी साधने यांमुळे येथील असंख्य कुटुंबांना दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडावे लागते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज इत्यादी तालुक्यांतून मुकादमांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या व्यवसायात मजुरांची मोजणी कोयत्यावर होते. पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो. त्यामुळे दोघांनाही फडावर जावे लागते आणि गावात मागे राहतात ते आजी-आजोबा व शाळेत जाणारी लहान मुले.

घरातील कर्ती माणसे दूर असताना लहान मुलांचे शिक्षण कसे सांभाळावे, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. कोविड-१९ च्या साथीने मात्र त्याला तीव्र रूप दिले. त्या अनुभवातून घ्यावयाचा बोध आजही उपयुक्त आहे. स्थलांतर दरवर्षी घडते, दुष्काळ अधूनमधून येतो, आणि सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने पुरासारखे संकटही मराठवाड्याला दूर नाही हे दाखवून दिले.

शाळा बंद, घर उघडे

मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद करण्यात आल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा बीडचे हजारो ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांत अडकून पडले होते. एप्रिल महिन्यात शासनाने त्यांना गावी परतण्यास परवानगी दिली. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे आणि जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. दुसऱ्या लाटेत तेही पुन्हा थांबले. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी ग्रामीण भागातील वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडण्याचे ठरले. याचा अर्थ असा की, जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेल्या बालकाने वर्गाची पायरी चढली ती दुसरीचे अर्धे वर्ष उलटल्यावर. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे काही आठवडे शाळा पुन्हा बंद राहिल्या, ते वेगळेच.

हे संकट जगव्यापी होते. युनेस्कोच्या नोंदीनुसार एप्रिल २०२० मध्ये सुमारे १९० देशांतील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी शाळेबाहेर होते. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे अभियान राबविण्यात आले. दीक्षा ॲपवरून अभ्याससाहित्य पाठविण्यात आले. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमालिका सुरू झाली. १ जुलै २०२१ पासून मागील इयत्तेची उजळणी करून घेणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास हाती घेण्यात आला. अनेक गावांत शिक्षकांनी ओट्यावर किंवा मंदिराच्या सभामंडपात लहान गट जमवून शिकविणे चालू ठेवले.

तथापि, दिवसाचे उरलेले सर्व तास घराच्याच अंगावर आले. ज्या घरात एकच स्मार्टफोन आणि तोही वडिलांबरोबर फडावर गेलेला, तेथे आजीपुढे पाटी-पुस्तक घेऊन बसलेले नातवंड आणि अक्षरओळख नसलेली आजी, अशी परिस्थिती उद्भवली. जेथे आई-वडील घरी होते, तेथे रोजगार बुडालेला, उचल फिटलेली नाही आणि त्यातच मुलाचा अभ्यास घ्यावयाचा, असा तिहेरी भार पडला.

ताण कशाने वाढतो?

अशा काळात मोठ्या माणसांच्या मनावर येणाऱ्या ताणाची तीन प्रमुख कारणे दिसतात. पहिले कारण अनिश्चितता. संकट केव्हा संपेल हे ठाऊक नसले की मन सतत सावध राहते, झोप उडते आणि लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते. दुसरे कारण एकटेपणा. आपल्याच घरचे मूल मागे पडत आहे, असे प्रत्येक घराला वाटत असते. शेजारच्या घरातही तेच चालले आहे हे बोलल्याशिवाय कळत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे व टाळता येण्याजोगे आहे. ते म्हणजे घराने शाळेची नक्कल करण्याचा प्रयत्न. शिक्षक प्रशिक्षित असतो, त्याच्याजवळ साधने असतात आणि वर्गात मुले एकमेकांकडूनही शिकतात. तीच अपेक्षा स्वयंपाक, गुरेढोरे आणि पाणी भरणे सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून केली, तर अपयश ठरलेलेच असते. त्या अपयशाचा राग मुलावर निघतो, मूल पुस्तकाला भिऊ लागते आणि त्याची भीती पाहून मोठ्यांचा ताण आणखी वाढतो. म्हणून संकटकाळात घराने शाळा होण्याचा हट्ट धरू नये. मुलाची शिकण्याची सवय आणि गोडी टिकविणे एवढेच आपले काम मानावे.

मुलांनाही ताण येतो. परंतु तो त्यांना शब्दांत सांगता येत नाही. वारंवार पोट दुखणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येणे, आजीला क्षणभरही न सोडणे, विनाकारण हट्ट करणे अथवा एकाएकी गप्प होणे ही त्याची चिन्हे होत. यास खोडी किंवा आळस समजून शिक्षा केल्यास ताण वाढतो.

दिनक्रम लहान, पण नेमाचा

सहा ते आठ वर्षांचे मूल एका जागी फार वेळ लक्ष देऊ शकत नाही. सकाळी वीस मिनिटे आणि सायंकाळी वीस मिनिटे, रोज ठरलेल्या वेळी व ठरलेल्या जागी, एवढी बैठक पुरे आहे. सकाळी वाचन-लेखन आणि सायंकाळी हिशेब किंवा गोष्ट, अशी वाटणी करता येते. उरलेल्या वेळी मुलाने खेळावे व घरकामात झेपेल तेवढा हात लावावा. ठरावीक दिनक्रमामुळे मुलाला सुरक्षित वाटते. अभ्यासाची काळजी दिवसभर डोक्यात घोळत राहत नाही, हा मोठ्यांचाही लाभच.

अक्षर न येणारी आजीही शिकवू शकते

लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीला ‘मला काय येते?’ असा संकोच वाटतो. वस्तुतः वाचनाचा पाया बोलण्या-ऐकण्यात असतो आणि या बाबतीत मराठवाड्यातील घरे समृद्ध आहेत. जात्यावरच्या ओव्या, हरिपाठ, व्रतांच्या कहाण्या, उखाणे, कोडी हे आजीचे भांडार आहे. आजीने कहाणी सांगावी, मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगावी आणि तिच्यातील दोन वाक्ये पाटीवर लिहावीत. मुलाने पाठ मोठ्याने वाचावा व आजीने ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारावे. वाचन बरोबर की चूक हे तिला तपासता आले नाही, तरी ऐकणारे कोणी आहे या जाणिवेने मूल वाचते. चुका दुरुस्त करण्याचे काम शिक्षकांसाठी राखून ठेवावे.

गणिताचेही तसेच आहे. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग, सागरगोट्यांची मोजणी, मापट्याने ज्वारी मोजणे, आठवडी बाजारातील खर्चाचा हिशेब यांतून बेरीज-वजाबाकी पक्की होते. आजोबांना पावकी-निमकी येत असेल, तर अपूर्णांकांची ओळख करून देण्यास त्याहून चांगले साधन नाही.

राग आवरण्याची युक्ती

एकच गोष्ट तीनदा सांगूनही मुलाला उमगली नाही, तर शिकविणाऱ्याचा संयम सुटतो. हात उगारावासा वाटताच त्या दिवसाची बैठक तेथेच थांबवावी. उठून पाणी प्यावे, अंगणात चार पावले चालावे, आठ-दहा वेळा सावकाश श्वास घ्यावा व सोडावा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने, कलम १७ अन्वये, शाळेत शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई केली आहे. शाळेत जे अयोग्य, ते घरीही अयोग्यच मानले पाहिजे. रागाच्या भरात कठोर शब्द गेलेच, तर नंतर मुलाला जवळ घेऊन तसे मोकळेपणाने सांगावे.

भाराची वाटणी

घरातील शिक्षण एकाच व्यक्तीवर पडू नये. शेजारच्या तीन-चार घरांनी आलटून-पालटून मुलांना एकत्र बसविले, तर प्रत्येक घराला आठवड्यातून काही दिवस उसंत मिळते. शाळापूर्व तयारीच्या अभियानात २०२२ पासून गावोगाव माता-पालक गट तयार करण्यात आले. त्यांचा या कामी उपयोग करून घेता येईल. मात्र धाकट्यांचा अभ्यास व स्वयंपाक ही दोन्ही कामे घरातील मोठ्या मुलीच्या गळ्यात घालू नयेत. तिचेही शिक्षण चालू असते आणि अशा भाराखाली सुटलेली मुलीची शाळा बहुधा कायमची सुटते.

फडावरून येणारा फोन

आई-वडील निघताना मूल झोपेत असतानाच निघून जाण्याची रीत अनेक घरांत आहे. रडणे टळावे हा त्यामागील हेतू असला, तरी जागे झालेल्या मुलाचा विश्वास त्यामुळे डळमळतो. कोठे जाणार, काय काम करणार आणि साधारण कोणत्या सणाच्या सुमारास येणार, हे त्याला आधी सांगावे. खोटी तारीख देऊ नये. फोनची वेळ शक्यतो ठरवून घ्यावी. ‘अभ्यास केलास का?’ हा पहिला प्रश्न नसावा. मुलाने रोजची हकिकत सांगावी, पुस्तकातील चार ओळी वाचून दाखवाव्यात. यामुळे दूर असलेल्या आईच्या मनावरील भारही हलका होतो.

जी मुले आई-वडिलांबरोबर फडावर जातात, त्यांच्यासाठी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यावे आणि जेथे मुक्काम पडेल तेथील शाळेत नाव दाखल करावे. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश लांबविता वा नाकारता येत नाही. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे काय, याची चौकशी पालकांनी टोळी निघण्यापूर्वीच मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीकडे करावी.

मदत मागण्यात कमीपणा नाही

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे, जेवणावरची वासना उडणे, सतत रडू येणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, यांपैकी काहीही आढळल्यास तो आजार समजून उपचार घ्यावेत. गावातील आशा कार्यकर्तीस किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगितल्यास पुढील मार्गदर्शन मिळते. जिल्ह्यात बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी उपचारकेंद्रे आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. संकटात सापडलेल्या बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

तूट भरून निघते

‘असर’ या सर्वेक्षणाने ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांची वाचनक्षमता तपासली. दुसरीच्या स्तराचा उतारा वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. शाळा नियमित चालू झाल्यावर बुडालेला अभ्यास भरून काढता येतो, हे या आकड्यांवरून दिसते. पुस्तकाविषयी मनात बसलेली भीती मात्र इतक्या सहजासहजी जात नाही. म्हणून संकटाच्या काळात एखादा धडा राहिला तरी चालेल. मूल हसत पाटी हातात घेईल आणि त्याला शिकविणारे माणूस रात्री शांत झोपेल, याची काळजी प्रत्येक घराने व गावाने प्रथम घेतली पाहिजे.