कोरडा धबधबा

(सहलीला निघताना आपण त्या ठिकाणाचे एक चित्र मनात घेऊन निघतो. प्रत्यक्षात तेथे काही वेगळेच पाहायला मिळते. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात लेखकाची सहल कशी फसली, त्याची हकिकत या पाठात सांगितली आहे.)

मित्रांनो, सहलीवरून परत आलेल्या माणसाला तुम्ही विचारा, "कशी झाली सहल?" तो लगेच म्हणेल, "फार छान!" त्याचे पाय दुखत असतील, खिसा रिकामा झाला असेल, जेवण बेचव मिळाले असेल, तरी तो "फार छान" असेच म्हणेल. पैसे खर्च करून आपली फजिती झाली, हे कबूल करायला कोणाला आवडते? मी मात्र आज तुम्हांला माझी फजितीच सांगणार आहे.

मराठीत एक म्हण आहे, 'दुरून डोंगर साजरे'. तुम्ही घरी उर्दूत म्हणता, 'दूर के ढोल सुहाने'. एका भाषेत डोंगर, दुसरीत ढोल. पण दोन्हींत दूर असलेली वस्तूच लोकांना जास्त आवडलेली दिसते! माझ्याबाबतीत डोंगरही होता आणि दूरही होता.

त्याचे असे झाले. आमच्या घरी भिंतीवर एक कॅलेंडर होते. त्यावर एका धबधब्याचे रंगीत चित्र होते. हिरवागार डोंगर आणि त्यावरून कोसळणारे दुधासारखे पांढरे पाणी! चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'पेठ तालुका, जिल्हा नाशिक'. मे महिन्याची सुट्टी होती. नाशिकमध्ये उन्हाने जीव नकोसा झाला होता. मी मनात म्हटले, "चला, धबधब्याखाली अंग भिजवून येऊ." कोणाला काही विचारले नाही. भाच्याला बरोबर घेतले आणि सकाळची एसटी पकडली.

तुमच्यापैकी जे नाशिकचे आहेत, त्यांना पेठ नाका माहीत असेलच. तेथून पश्चिमेला जो रस्ता जातो, तो पेठवरून पुढे गुजरातेत धरमपूरकडे उतरतो. नाशिक ते पेठ हे अंतर पन्नास किलोमीटरांहून थोडे जास्त आहे. वाटेत रामशेजचा किल्ला दिसतो. सतराव्या शतकात या लहानशा किल्ल्याने औरंगजेबाच्या मोठ्या फौजेला काही वर्षे दाद दिली नव्हती. मी भाच्याला ती हकिकत सांगत होतो, पण त्याचे लक्ष नव्हते. तो सारखा विचारत होता, "मामा, धबधबा किती उंच आहे?"

पुढे घाट लागला. खिडकीतून बाहेर पाहिले, तर डोंगर तपकिरी दिसत होते. सागाची झाडे पाने गाळून नुसती काठीसारखी उभी होती. मला थोडी शंका आली, पण वाटले, धबधब्याजवळ हिरवळ असेल.

पेठच्या पुढे एका फाट्यावर आम्ही उतरलो आणि तासभर चाललो. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेले दगड. बाटलीतले पाणी वाटेतच संपले. शेवटी एक पाडा लागला. पाडा म्हणजे आदिवासी लोकांची लहानशी वस्ती. एका झोपडीच्या सावलीत एक म्हातारे बाबा बसले होते. मी विचारले, "बाबा, धबधबा कुठे आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले, मग हाताने समोर दाखवले. "तो काय, समोर."

समोर काळ्या खडकाचा एक उंच कडा होता. त्यावरून वरपासून खालपर्यंत एक पांढरट पट्टा गेला होता. पाण्याचा थेंबही नव्हता. खाली मोठमोठे गोटे पडले होते आणि त्यांवर दोन शेळ्या उभ्या होत्या.

"पण पाणी?" मी विचारले.

"पाणी गेलं," बाबा म्हणाले. "दिवाळीनंतर बारीक होतं. मग जातं."

भाचा रडकुंडीला आला. मला त्या कॅलेंडर छापणाऱ्याचा असा राग आला, की विचारू नका! बाबा हसून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पाणी बघायला आलात. आम्हीपण रोज पाणीच बघायला जातो." त्या वेळी मला त्यांचे बोलणे समजले नाही.

झोपडीतून एक मावशी बाहेर आल्या. त्यांनी आम्हांला ओट्यावर बसवले आणि दोन तांबे पाणी दिले. पाणी थोडे गढूळ होते, पण थंड होते. आम्ही पोटभर प्यालो. माझ्या तांब्यात अर्धे पाणी उरले. घरच्या सवयीप्रमाणे मी त्यातले थोडे तोंडावर मारले आणि उरलेले अंगणात ओतून दिले.

कोणी काही बोलले नाही. मावशींची सात-आठ वर्षांची नात दारात उभी होती. ती त्या ओल्या झालेल्या मातीकडे पाहत राहिली. माती लगेच वाळली. मग मावशींनी शांतपणे सांगितले, की विहीर डोंगराखाली आहे, जाऊन यायला दीड तास लागतो, आणि विहिरीतही पाणी साचेपर्यंत वाट पाहावी लागते. त्या पहाटे चार वाजता उठून दोन हंडे आणत. त्यांपैकी एक हंडा आम्ही येण्यापूर्वीच संपला होता.

मित्रांनो, मी वर्गात कितीतरी वेळा 'पाणी जपून वापरा' असे फळ्यावर लिहिले आहे. माझे अक्षरही चांगले आहे. पण त्या दिवशी मला मान वर करता आली नाही.

आता तुम्ही विचाराल, पेठला पाऊस कमी पडतो का? अजिबात नाही. येथे वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. नाशिक शहरात पडतो त्याच्या दुपटीहूनही हा जास्त आहे. मग हे सगळे पाणी जाते कोठे?

याचे उत्तर जमिनीत आहे. सह्याद्रीचे हे डोंगर कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून तयार झाले. हा काळा कठीण खडक बेसाल्ट म्हणून ओळखला जातो. कापूस जसे पाणी शोषून घेतो, तसे हा खडक घेत नाही. त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी मुरते. वर मातीचा थर पातळ, आणि उतार तीव्र. म्हणून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांतून धावत सुटतो. घाटाच्या पूर्वेला पडलेला पाऊस गोदावरीत जातो आणि सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेला, पेठच्या बाजूला पडलेला पाऊस दमणगंगा, पार अशा नद्यांतून गुजरातेच्या दिशेने जातो आणि अरबी समुद्राला मिळतो. ज्या उतारामुळे पावसाळ्यात सुंदर धबधबा तयार होतो, त्याच उतारामुळे उन्हाळ्यात हंडा रिकामा राहतो. चित्रात यांपैकी पहिलीच गोष्ट दिसते.

एप्रिल २०२५ मध्ये पेठ तालुक्यातील बोरीची बारी या गावाची दृश्ये देशभर अनेकांनी पाहिली. तेथील स्त्रिया पाण्यासाठी खोल विहिरीत उतरत होत्या. ज्यांनी पावसाळ्यातला पेठ पाहिला होता, त्यांना ही दृश्ये त्याच तालुक्यातली आहेत हे खरे वाटले नसेल. तुम्ही भूगोलात मेघालयातील चेरापुंजीचे नाव वाचले आहे. जगातील सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. तेथेही हिवाळ्यात लोकांना पाण्यासाठी दूर जावे लागते.

संध्याकाळी परतीच्या एसटीची वाट पाहत आम्ही फाट्यावर बसलो. एसटी दीड तास उशिरा आली. भाच्याची समजूत घालण्यासाठी मी त्याला दुसऱ्या एका प्रवाशाची गोष्ट सांगितली. ती तुम्हांलाही आवडेल.

इब्न बतूता हा मोरोक्को देशाचा प्रवासी चौदाव्या शतकात भारतात आला. दिल्लीच्या सुलतान मुहंमद बिन तुघलकाने त्याला आपला वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे पाठवले. बरोबर मौल्यवान भेटी आणि मोठा लवाजमा दिला. पण दिल्लीहून तो थोडा पुढे जातो न जातो, तोच कोइलजवळ, म्हणजे आजच्या अलीगढजवळ, लुटारूंनी त्याला पकडले. तो कसाबसा जिवानिशी सुटला आणि कित्येक दिवस रानात भटकला. पुढे दौलताबाद, नंदुरबार असा आपल्या महाराष्ट्रातून प्रवास करत तो खंबायतला गेला आणि तेथून समुद्रमार्गाने कालिकतला पोहोचला. तेथे भेटी जहाजावर चढवल्या. दुसऱ्या दिवशी जुम्मा होता, म्हणून नमाजासाठी इब्न बतूता किनाऱ्यावरच थांबला. रात्री वादळ झाले. भेटींचे जहाज फुटले आणि माणसे बुडाली. ज्या जहाजावर त्याचे स्वतःचे सामान होते, ते त्याला न घेताच निघून गेले. सुलतानाकडे कोणत्या तोंडाने परत जावे, हे त्याला कळेना! तो मालदीव बेटांवर गेला आणि तेथे काझी झाला.

त्याने आपल्या प्रवासाची हकिकत पुढे लिहवून घेतली. ती 'रिहला' या नावाने प्रसिद्ध आहे. लुटले गेलो, आजारी पडलो, घाबरलो, हे सर्व त्याने त्यात सांगितले आहे. "फार छान" म्हणून तो मोकळा झाला नाही. भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, त्याला रस्त्यात पाणी तरी मिळालं का?"

कोणी म्हणेल, उन्हाळ्यात गेलात म्हणून फसलात, पावसाळ्यात जायचे होते. हे खरे आहे. पण पावसाळ्यातही सहल फसते, आणि ती फार वाईट फसते. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एक कुटुंब वर्षासहलीला गेले होते. धबधब्याच्या पाण्यात सगळे उभे असताना वरून अचानक लोंढा आला आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. डोंगरात दूर कोठेतरी जोराचा पाऊस झाला, तर आपण उभे असतो तेथे पाऊस नसतानाही पाणी वाढू शकते. पाणी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या येऊ लागल्या, की एक क्षणही थांबू नये. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला. त्या वेळी पुलावर पर्यटकांची गर्दी होती. चार जणांचे प्राण गेले.

मी दुसऱ्यांदा पेठला गेलो तो ऑगस्टमध्ये. या वेळी आधी चौकशी केली. भाचाही बरोबर होता. घाटात एवढे धुके होते, की चालकाने भर दुपारी दिवे लावले. डोंगर हिरवेगार झाले असणार, पण ते दिसतच नव्हते. खाचरांत भाताची लावणी झाली होती. उतारावर नागलीची रोपे वाऱ्यावर डोलत होती. पाड्यावर पोहोचलो, तेव्हा सगळे धुक्यात बुडाले होते. धबधब्याचा प्रचंड आवाज येत होता, मात्र धबधबा दिसत नव्हता! आम्ही दोन तास थांबलो. धुके हलले नाही. म्हातारे बाबा म्हणाले, "गुरुजी, तुमचं नशीबच असं."

आम्ही मावशींसाठी एक नवा हंडा घेऊन गेलो होतो. त्यांनी तो हातात घेऊन वाजवून पाहिला आणि लगेच पागोळ्यांखाली नेऊन ठेवला. तेथे आधीच घरातली सगळी भांडी ओळीने मांडलेली होती आणि सगळी भरून वाहत होती. नातीने आम्हांला पाण्याचा तांबा आणून दिला. मी थोडे प्यालो आणि उरलेले पाणी हातात धरून तसाच बसलो.

मावशींनी ते पाहिले. त्या मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "ओता गुरुजी, ओता! आता कितीपण ओता."

शब्दार्थ
फजिती – फटफजिती, नाचक्की
दाद न देणे – शरण न जाणे
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
रडकुंडीला येणे – रडू येण्याच्या बेतात असणे
लवाजमा – बरोबरचे नोकरचाकर व सामान
लोंढा – पाण्याचा मोठा प्रवाह
खाचर – भाताचे बांध घातलेले शेत
नागली – नाचणी
पागोळ्या – छपरावरून गळणाऱ्या पावसाच्या धारा

स्वाध्याय
१. "आम्हीपण रोज पाणीच बघायला जातो," असे बाबा का म्हणाले?
२. भरपूर पाऊस पडूनही पेठ तालुक्यात उन्हाळ्यात पाणी का मिळत नाही?
३. इब्न बतूता कालिकतहून सुलतानाकडे परत का गेला नाही?
४. फजिती, हकिकत, सफर, हंगाम हे शब्द मराठीत व उर्दूतही वापरतात. पाठातून असे आणखी चार शब्द शोधून लिहा.
५. तुमची एखादी सहल फसली असेल, तर तिच्याविषयी दहा ओळी लिहा.