इमारतींतील वाळवी-प्रतिबंध व भूजलाचे रक्षण : इंदूरच्या काळ्या जमिनीच्या संदर्भात

माळव्याच्या पठारावरील इंदूर शहरात लाकूडकामाची परंपरा जुनी आहे. होळकरांच्या सात मजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, तर वरचे चार लाकडी आहेत. अशा जुन्या वास्तूंना, तसेच नव्या इमारतींतील चौकटी, कपाटे व कागदपत्रे यांना वाळवीचा उपद्रव होतो. तो टाळण्यासाठी पायाच्या मातीत कीटकनाशक मुरविण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. परंतु मातीत मुरलेले हे विष पुढे कोठे जाते, याचा विचार क्वचितच केला जातो.

द्रव्ये व त्यांचे प्रमाण

पूर्वी या कामासाठी आल्ड्रिन, क्लोरडेन व हेप्टाक्लोर ही क्लोरीनयुक्त द्रव्ये वापरीत. ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात, हाच त्यांचा गुण मानला जाई. तोच पुढे दोष ठरला; कारण ही द्रव्ये प्राण्यांच्या चरबीत साठतात व अन्नसाखळीतून पुढे सरकतात. भारतात १९९६ मध्ये या तिन्हींवर बंदी आली. त्यानंतर क्लोरपायरिफॉस, इमिडाक्लोप्रिड व बायफेन्थ्रिन यांचा वापर वाढला. यांपैकी क्लोरपायरिफॉसचा समावेश मे २०२५ मध्ये स्टॉकहोम करारातील वर्ज्य द्रव्यांच्या यादीत झाला असून काही उपयोगांना मुदतीची सवलत आहे.

भारतीय मानक ६३१३ नुसार जोत्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण शिंपडतात. म्हणजे १० मीटर लांब व १० मीटर रुंद जोत्यास ५०० लिटर द्रावण लागते. क्लोरपायरिफॉसचे प्रमाण १ टक्का धरल्यास एका घराखाली सुमारे ५ किलो शुद्ध विष मुरते. पायाच्या भिंतींलगतचे द्रावण याहून वेगळे. शेतातील फवारणीच्या मानाने ही मात्रा फार मोठी आहे. मात्रा जितकी अधिक, तितके विघटन मंद, असेही या द्रव्याबाबत आढळते.

जमिनीचे वैशिष्ट्य

इंदूरची काळी चिकण माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातील सूक्ष्म कण क्लोरपायरिफॉस व बायफेन्थ्रिन घट्ट धरून ठेवतात, ही जमेची बाजू होय. परंतु हीच माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. भेगांमुळे विषाचा थर खंडित होऊन वाळवीला वाट मिळते. पहिल्या पावसाचे पाणी त्याच भेगांतून, मातीचे कण व त्यांस चिकटलेले विष घेऊन, झपाट्याने खाली उतरू शकते. खालच्या बेसाल्टमध्ये पाणी सांधे व चिरा यांतून वाहते. तेथे मातीसारखी गाळणी नसते. इमिडाक्लोप्रिड पाण्यात अधिक विरघळणारे असल्याने त्याबाबत विशेष सावधगिरी हवी. म्हणून घराशेजारील विहीर, कूपनलिका व भूमिगत टाकी यांना धोका संभवतो.

पृष्ठभागावरून वाहून गेलेले द्रावण नाल्यावाटे कान्ह व सरस्वती या नद्यांस मिळते. कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेस मिळते. क्लोरपायरिफॉस व बायफेन्थ्रिन मासे व जलकीटकांस अत्यल्प प्रमाणातही घातक आहेत.

वाळवीचे निसर्गातील कार्यही ध्यानात घ्यावे. वाळलेले लाकूड व पालापाचोळा कुजवून ती जमिनीस परत करते. सेंद्रिय द्रव्य मातीस परत देण्याच्या याच तत्त्वावर अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली व १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. म्हणून वाळवीस इमारतीबाहेर ठेवणे एवढेच उद्दिष्ट असावे. परिसरातील माती निर्जीव करणे हे उद्दिष्ट नव्हे.

बांधकामातील उपाय

वाळवीला ओल व लाकूड या दोन्हींची गरज असते. ती न मिळतील अशी रचना हा पहिला उपाय होय. झाडांची खोडे, मुळे व सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावात राहू देऊ नयेत. इमारतीभोवती काँक्रीटचा सलग पट्टा करावा. नळगळती त्वरित दुरुस्त करावी. लाकडी खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभारावेत. हवाई बेटांत १.७ ते २.४ मिलिमीटर आकाराच्या बेसाल्ट खड्यांचा थर पायाखाली देतात. हे कण वाळवीस उचलता येत नाहीत व त्यांच्या फटींतून तिला जाताही येत नाही. खड्यांचा आकार स्थानिक जातींवर तपासून घेतल्यास बेसाल्टच्या माळव्यात हा उपाय विचारार्ह ठरेल.

घ्यावयाची दक्षता

१. विहीर, झरा किंवा पाण्याची टाकी यांजवळ द्रावण मुरवू नये. मानकातही पिण्याच्या पाण्याचे स्रोत दूषित होऊ न देण्याची सूचना आहे.
२. पाऊस पडत असता अथवा माती ओलीचिंब असता काम करू नये.
३. भेगाळलेल्या जमिनीत प्रथम भेगा बुजवून माती ठोकून घ्यावी.
४. उरलेले द्रावण व रिकामे डबे नाल्यात टाकू नयेत. डबे घरगुती वापरासही घेऊ नयेत.
५. जुन्या इमारतीत सर्वत्र द्रावण मुरविण्यापूर्वी मातीच्या नळ्या शोधून उपद्रवाची जागा निश्चित करावी व तेवढ्याच भागावर उपचार करावा.

जोत्याखाली मुरविलेले विष परत काढता येत नाही. म्हणून बांधकामाचा आराखडा तयार करतानाच पाण्याच्या स्रोतांची जागा व वाळवी-प्रतिबंधाची पद्धत यांचा एकत्र विचार होणे अगत्याचे आहे.