पाण्यातील चिवट विष व विद्युत-रासायनिक संवेदक

ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळ मासुंदा तलाव आहे. अशा तलावाचे पाणी हिरवे पडले अगर त्यास दुर्गंधी आली, म्हणजे ते बिघडल्याचे कोणासही कळते. परंतु काही विषे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असताही त्यात राहतात. शिसे, कॅडमियम व पारा हे धातू कधीच कुजत नाहीत, डी.डी.टी.सारखी कीटकनाशके फार सावकाश नष्ट होतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधते, आणि पालेभाज्या कॅडमियम मुळांवाटे शोषून घेतात. म्हणून अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण या कारखान्यांच्या पट्ट्यातून वाहणाऱ्या वालधुनी नदीकाठी ज्यांची विहीर अगर मळा आहे, त्यांनी विशेष सावध असावे.

भारतीय मानकानुसार (आय.एस. १०५००, सन २०१२) पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅम व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम यांहून अधिक असू नये. इतके अल्प प्रमाण डोळ्यांस वा जिभेस कळत नाही. ते विद्युत-रासायनिक संवेदकास कळते.

मधुमेही मनुष्य रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन साखर मोजतो, त्याच जातीचे हे साधन होय. पट्टी पाण्यात बुडवून ऋण विद्युतदाब दिला असता विरघळलेले धातू तिच्यावर जमतात. मग दाब हळूहळू पालटला म्हणजे प्रत्येक धातू आपापल्या ठराविक दाबास पुन्हा विरघळतो. दाबावरून धातू कोणता व प्रवाहावरून तो किती, हे समजते. या विद्येचा पाया यारोस्लाव हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये प्राग येथे घातला. त्याबद्दल त्यांस १९५९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. डी.डी.टी.सारख्या द्रव्यांचे संवेदक मात्र अद्याप बहुतांशी संशोधनाच्या टप्प्यात आहेत.

गाळ, साबण वा खाडीचे खारे पाणी मिसळल्यास आकडा चुकू शकतो. यास्तव संवेदकाचा आकडा हा इशारा समजावा, अंतिम निकाल नव्हे. ग्रामसेवकांनी पुढील काळजी घ्यावी :

१. धातूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली प्लॅस्टिकची व कीटकनाशकांसाठी काचेची बाटली वापरावी.
२. बाटलीवर विहिरीचे नाव, तारीख व वेळ लिहावी.
३. इशारा मिळताच ते पाणी पिणे थांबवावे, दुसरा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि निकाल येईपर्यंत दुसऱ्या सुरक्षित पाण्याची सोय करावी.

पाणी निवळ दिसते एवढ्यावर विसंबून मुलांच्या हाती पेला देऊ नये. आधी तपासावे, मग प्यावे.