होडीवरील जनित्राचे अर्थिंग

सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोली, तापोळा ही गावे वसली आहेत. या परिसरात होडी व लाँच ही दळणवळणाची महत्त्वाची साधने होत. सांगली जिल्ह्याने २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचे महापूर अनुभवले. पुराच्या वेळी सुरक्षिततेसाठी वीजपुरवठा बंद ठेवावा लागतो आणि दिव्यांसाठी होडीवर लहान जनित्र नेण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी, ‘तार पाण्यात सोडली की अर्थिंग झाले,’ असा समज सहज होऊ शकतो. तो घातक आहे.

वीजप्रवाह नेहमी आपल्या उगमाकडे परततो. गावातील विजेचा उगम रोहित्र असते व त्याचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो. होडीवर मात्र जनित्र हाच उगम होय. म्हणून उपकरणात बिघाड झाल्यास प्रवाह तारेवाटे जनित्राकडे परत यावा आणि पुरवठा तात्काळ तुटावा, हाच तेथील अर्थिंगचा हेतू असतो.

समजा, जनित्राचा न्यूट्रल त्याच्या सांगाड्याशी जोडलेला आहे. पण पंपाची अर्थिंगची तार सांगाड्याकडे न नेता पाण्यात सोडली आहे. पाण्यातील मार्गाचा रोध ५० ओहम धरल्यास २३० व्होल्ट दाबाने केवळ ४.६ अँपिअर प्रवाह वाहील. त्याने १० अँपिअरचा फ्यूज वितळणार नाही आणि भोवतालच्या पाण्यात वीज पसरत राहील. मानवी शरीर गोड्या पाण्याहून अधिक सुवाहक असते. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहानेही स्नायू आखडून पट्टीचा पोहणारा बुडू शकतो.

याकरिता पुढील दक्षता घ्यावी :

१. प्रत्येक उपकरणाची हिरवी तार जनित्राच्या सांगाड्याला पक्की जोडावी. होडी लोखंडी असल्यास तिचा सांगाडाही त्यास जोडावा.

२. ३० मिलिअँपिअरचा गळती-विच्छेदक (आरसीसीबी) अवश्य बसवावा. लहान जनित्र मोठा प्रवाह देऊ शकत नाही. म्हणून केवळ फ्यूजवर विसंबू नये.

३. अनेक लहान जनित्रांचा न्यूट्रल सांगाड्याशी जोडलेला नसतो. अशा वेळी बिघाड होऊनही विच्छेदक तुटत नाही. हा जोड विच्छेदकाच्या आधी, जनित्राच्या बाजूस, परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावा.

४. काठावरील वीज घेताना फेज व न्यूट्रल दोन्ही बदलणारा स्विच वापरावा. त्या वेळी होडीवरील न्यूट्रल व सांगाडा यांचा जोड मंडलात राहता कामा नये.

५. जनित्र उघड्या हवेत ठेवावे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. इंधन भरताना ते बंद करावे.

पाण्यातील व्यक्तीस धक्का बसल्याची शंका येताच पाण्यात उडी घेऊ नये. प्रथम जनित्र बंद करावे, मग दोर किंवा लाकडी काठी पुढे करावी.

विच्छेदकावरील चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. मात्र त्याने अर्थिंगच्या तारेची परीक्षा होत नाही. ती तारतंत्र्याने स्वतंत्रपणे करावी. ग्रामपंचायतींनी ही तपासणी पावसाळ्यापूर्वी करवून घ्यावी आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या नियमांमागील कारण समजावून द्यावे. ऐन पुरात तार शोधत बसण्यास उसंत मिळत नाही.