हिरवळीची नाडीपरीक्षा

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस कळंबा तलाव आहे. त्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका घरापुढे हराळीची सुरेख हिरवळ होती. श्रावण सरत आला आणि भर पावसात ती ठिकठिकाणी पिवळी पडू लागली. माळ्याने युरिया टाकला, उघडीप मिळताच पाणीही दिले. पण डाग वाढतच गेले. अखेर घरधन्याने ठरविले, की गणपती झाले म्हणजे सारे गवत खणून तेथे फरशी घालावी.

आजीला हे रुचले नाही. गणपतीच्या एकवीस दूर्वा ती दरवर्षी याच हिरवळीतून खुडी. तिचे माहेर ऊस पिकविणाऱ्या घरातले. शेतात ज्या हराळीला तिच्या वडिलांनी जन्मभर शिव्या दिल्या, तीच येथे लाडाने वाढविली जाते याचे तिला हसू येई. तण म्हणजे नको तेथे उगवलेली वनस्पती, एवढाच त्या शब्दाचा अर्थ!

"आधी दुखणे ओळखू, मग औषध," असे म्हणून ती नातीला घेऊन अंगणात उतरली.

आंब्याखाली गवत विरळ होते. तेथे आंबुशी पसरली होती व मातीवर शेवाळ धरले होते. हराळीला भरपूर ऊन हवे. दाट सावलीत ती तग धरीत नाही. फाटकाजवळ, जेथे रोज दुचाकी उभी राही, तेथे आजीने एक लांब खिळा मातीत दाबला. तो बोटभरही शिरेना. घट्ट झालेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. कुंपणाशी गाजरगवत होते. भारतातील नवे तण म्हणून १९५६ साली पुण्यातून नोंदले गेलेले हे गवत पुढे देशभर पसरले. त्याने अंगाला खाज सुटते, म्हणून आजीने हाताला फडके गुंडाळून ते फुलण्यापूर्वीच उपटले.

एका कोपऱ्यात गवत अधिक तजेलदार दिसत होते. नात म्हणाली, "आजी, इथे तर छान वाढलंय!"

"त्याची काडी बोटांत फिरवून बघ."

काडी तीन कडांची लागली. गवताची काडी गोल वा चपटी असते, तिला पेरे असतात. हा तर लव्हाळा! उन्हाळ्यात शेतातून आणलेल्या मातीबरोबर त्याच्या गाठी आल्या असाव्यात. वरची पाती उपटली, तरी जमिनीतल्या गाठीतून तो पुन्हा फुटतो. गाठीसकट खणून काढणे, आणि तेही पुन्हापुन्हा, एवढाच उपाय.

परंतु मधले मोठे डाग यांपैकी कशानेच पडलेले नव्हते. आजीने तेथील गवत मुठीत धरून ओढले. पाण्यावाचून सुकलेले गवत मुळांनी माती घट्ट धरून असते. हे मात्र घोंगडे उचलावे तसे अलगद वर आले. मुळेच नव्हती! खाली तपकिरी डोक्याच्या, पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या अळ्या होत्या.

"हुमणी!" आजी उद्गारली.

उसाच्या या शत्रूला कोल्हापूरचे शेतकरी चांगले ओळखतात. वळवाचा पाऊस पडला, की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. त्यांतून निघालेल्या अळ्या पावसाळाभर मुळे कुरतडतात. या घराच्या कुंपणालगतही कडुनिंब होता. ज्याची मुळेच खाल्ली गेली, त्याला खतपाण्याचा काय उपयोग?

मग चार दिवस माती उकरून अळ्या वेचल्या गेल्या. उरल्यासुरल्या टिपावयास साळुंक्या जमल्या. ओल्या मातीत मेटाऱ्हायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी शेणखतातून मिसळली. पुढच्या वळवानंतर कडुनिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवावयाचे, हेही ठरले.

चतुर्थीच्या सकाळी नातीने फाटकापासून आंब्यापर्यंत फिरून, निरोगी कडेच्या दूर्वा मोजून खुडल्या. घरधन्याने फरशी घातली, पण फक्त आंब्याखाली आणि दुचाकीच्या जागी.