निकोटिन वेगळे, नियासिन वेगळे

आर्णी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि आर्वी वर्धा जिल्ह्यात. एस.टी.ची पाटी घाईत वाचली तर माणूस भलत्याच गावी उतरतो. औषधाच्या पाकिटावरही अशीच एक नावांची जोडी आहे, आणि तिथली चूक परतीच्या गाडीने सुधारत नाही.

ब-३ या जीवनसत्त्वाला नियासिन म्हणतात. त्याची दोन रूपे आहेत, निकोटिनिक आम्ल आणि निकोटिनामाइड. बी-कॉम्प्लेक्सच्या पाकिटावर बहुधा निकोटिनामाइड हेच नाव बारीक अक्षरांत असते. निकोटिन मात्र तंबाखूत असते. ते विष आहे आणि तंबाखूची सवय लावते तेही तेच.

माझ्या आजीला डॉक्टरांनी या गोळ्या दिल्या होत्या. शेजारच्या एका दादाने पाकीट वाचले नि म्हणाला, "आजी, यात तं निकोटिन हाये!" झाले. आजीने गोळ्या कोनाड्यात ठेवून दिल्या. म्हणे, "मी तंबाखू सोडली नं, मंग आता गोयीतून कायले खाऊ?" तिकडे पानठेल्यावर हीच गोष्ट उलटी फिरली. "मंग खर्र्यातबी व्हिटामिन असते म्हना की!" एकाच शब्दाने एकीचे औषध सुटले आणि दुसऱ्याला खर्रा खायला निमित्त मिळाले. म्हणून मी गुरुजींना विचारून, पुस्तके पाहून हा लेख लिहीत आहे.

नावे सारखी का? ज्याँ निको हा पोर्तुगालमध्ये फ्रान्सचा वकील होता. त्याने १५६० च्या सुमारास तंबाखू फ्रान्सच्या दरबारी पाठवली. त्याच्या नावावरून निकोटिन हे नाव पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत निकोटिनचा रेणू मोडून एक नवे आम्ल बनवले, आणि त्याला निकोटिनिक आम्ल म्हटले. ते जीवनसत्त्व आहे हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते. १९३७ साली अमेरिकेत कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी दाखवले की कुत्र्यांचा 'काळी जीभ' हा रोग याच पदार्थाने बरा होतो. माणसातला तसाच रोग म्हणजे पेलाग्रा. मग तिकडे पावात हे जीवनसत्त्व घालू लागले, तेव्हा लोकांना वाटू नये की पावात तंबाखू आहे, म्हणून १९४२ च्या सुमारास निकोटिनिक, ॲसिड आणि व्हिटामिन यांचे तुकडे जोडून 'नियासिन' हे नाव काढले. म्हणजे आमच्या आजीची शंका तिकडच्या शहाण्यांनाही सुचली होती बरे का!

प्रयोगशाळेत निकोटिन मोडून आम्ल होते, पण आपल्या पोटात तसे होत नाही. कितीही तंबाखू चघळली तरी तिच्यातून ब-३ मिळत नाही.

ब-३ अन्नातून शक्ती काढायला लागते. ते फार कमी पडले तर पेलाग्रा होतो. ऊन लागते तिथली, म्हणजे मानेची व हातापायांची कातडी काळी, खरखरीत होते, जुलाब लागतात, डोके भ्रमिष्ट होते. हा रोग नुसता परदेशातला नाही. दख्खनच्या पठारावर जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत तो दिसे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्यावर लिहिले. ज्वारीतल्या ल्यूसिन नावाच्या घटकाचा त्यात हात आहे, असे त्यांचे मत होते. यावरून ज्वारी वाईट समजू नका. भाकरीसोबत वरण, शेंगदाण्याची चटणी, दूध, अंडे असले की भीती नाही. आमच्या वयाच्या मुलांना रोज साधारण ८ ते १२ मिलिग्रॅम ब-३ लागते, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ते सुमारे १२ मिलिग्रॅम असते. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांतूनही शरीर थोडे ब-३ स्वतः तयार करते.

आता चुन्याची गंमत ऐका. मक्यातले ब-३ असे बांधलेले असते की ते पोटात सुटत नाही. मेक्सिकोचे लोक पूर्वापार मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळे होते. युरोपात मका गेला, पण चुन्याची रीत गेली नाही, आणि मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला. खर्रा घोटतानाही चुना घालतात. तिथे तो मोकळे करतो ते निकोटिन, आणि ते गालाच्या आतून भराभर रक्तात उतरते. खर्र्यातली तंबाखू तर तोंडाच्या कर्करोगाला कारण होतेच, नुसती सुपारीही होते.

पाकीट वाचताना शब्दाचे शेपूट पाहा. 'निकोटिन'च्या पुढे 'आमाइड' किंवा 'इक' असेल तर ते जीवनसत्त्व आहे. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी घ्यावी, कारण निकोटिनिक आम्ल जास्त झाले तर अंग लाल होऊन भाजल्यासारखे वाटते.