कातकामाच्या लाकडातील भेगा कशा भराव्यात?

बांधावरचा जुना रायवळ आंबा, फणस, शिवण किंवा बाभूळ तोडली की सरळ लाकूड व्यापारी घेऊन जातो आणि आखूड, गाठाळ तुकडे चुलीत जातात. याच तुकड्यांतून लेथवर लाटणी, पाळण्याचे दांडे, भोवरे, खेळणी व फुलदाण्या निघू शकतात. कातकाम करणाऱ्यांची मुख्य तक्रार असते ती लाकूड फुटण्याची. भेग भरता येते. परंतु कोणती भरावी व कोणती भरू नये, हे आधी ठरविले पाहिजे.

भेग का पडते?

लाकडातील ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की ते आकसू लागते. वलयांच्या दिशेने होणारे आकसणे हे गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे गाभ्यासकट ठेवलेला गोल ओंडका बहुधा तडकतोच. तोडल्यानंतर लवकरात लवकर तो गाभ्यातून उभा चिरून दोन भाग करावेत. टोकांकडून ओलावा सर्वांत वेगाने जातो, म्हणून दोन्ही टोकांना वितळलेले मेण किंवा घरात उरलेला ऑइलपेंट जाड लावावा व लाकूड सावलीत, हवा खेळेल असे रचावे.

ओल्या लाकडातील भेग भरण्यात अर्थ नाही. लाकूड पुढेही आकसत राहते आणि भरलेला भाग सुटून पडतो. ठोकळा दर आठवड्याला तोलून वही ठेवावी. लागोपाठ तीन वेळा वजन तेच आले की तो तेथील हवेपुरता वाळला असे समजावे. मोठे भांडे करावयाचे असल्यास ते आधी ओबडधोबड कातून घ्यावे, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी ठेवावी आणि पूर्ण वाळल्यावरच भेगा भरून अखेरचे कातकाम करावे.

हा ठोकळा लेथवर चढवू नये

१५ सें.मी. व्यासाचा ठोकळा मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे ४२ कि.मी. वेगाने फिरते. त्यातून सुटलेला तुकडा डोळा घालवू शकतो. आरपार गेलेली भेग, वलयाच्या रेषेत सुटलेली गोल भेग, हलणारी गाठ किंवा ठोकल्यावर बद्द आवाज देणारा ठोकळा सरळ बाजूला काढावा. भरण दिसण्यासाठी असते. त्याच्या भरवशावर कमजोर ठोकळा फिरवू नये. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल लावावी, उपरणे व सैल बाह्या आवराव्यात, सुरुवात कमी वेगाने करावी. छिद्रांतून ताजे पीठ गळत असेल तर आत कीड जिवंत आहे. वरून लांबी भरल्याने ती मरत नाही.

भरण कोणते वापरावे?

केसासारख्या बारीक चिरेत झटपट चिकटणारा पातळ गोंद सोडावा. तो आपोआप आत ओढला जातो. फिकट लाकडावर त्याचा डाग पडतो, यासाठी चिरेभोवती आधी चपड्याच्या पॉलिशचा हात द्यावा. हा गोंद सुती कापडाने पुसू नये. सुताशी संयोग होऊन कापड एकदम तापते व हात भाजतो.

एक-दोन मि.मी. रुंद भेगेला त्याच लाकडाचा मलमलीतून चाळलेला भुसा व सुताराचा पांढरा गोंद यांची घट्ट लांबी चालते. गोंदातील पाणी उडाले की ती बसते, म्हणून थोडी उंच भरावी व वाळल्यावर दुसरा हात द्यावा. वाळलेली लांबी मूळ लाकडापेक्षा गडद दिसते. तेव्हा भुसा जरा फिकट घ्यावा.

त्याहून रुंद भेगेला आमच्या मते पाचरीसारखा उपाय नाही. त्याच लाकडाची, रेषा जुळवून तासलेली पातळ पाचर गोंद लावून हलक्या हाताने बसवावी. ठोकून बसविल्यास भेग पुढे पळते. दुसऱ्या दिवशी कातावी.

गाठ निघून गेलेल्या खळग्यात दोन भागांचे इपॉक्सी उपयोगी पडते. डब्यावरील प्रमाण काटेकोर पाळावे. एकदम जाड ओतल्यास ते तापून फेसाळते, म्हणून थर देऊन भरावे. मिसळताना हातमोजे घालावेत आणि घासताना नाकाला मुखपट्टी बांधावी.

जुन्या पद्धतीप्रमाणे लाखेची कांडी तापलेल्या सुरीने वितळवूनही खळगा भरतात. सावंतवाडीच्या खेळण्यांवरील लाखकामामुळे कोकणात हा पदार्थ परिचित आहे. फिरत्या लाकडाच्या घर्षणाने लाख मऊ होते. रंग चढविण्यास हा गुण उपयोगी, पण भरलेली जागा जोराने घासल्यास ती पसरते. तेव्हा पॉलिश पेपर हलका धरावा.

पोळपाट व लाटणे यांच्या पिठाला लागणाऱ्या भागात लांबी, इपॉक्सी काहीच भरू नये. तेथे चीर दिसल्यास तो ठोकळा भोवऱ्यासाठी किंवा दांड्यासाठी वापरावा. भरलेले नग विकताना वेगळे ठेवावेत व गिऱ्हाइकास तसे सांगावे. गडद भरणाची नक्षी आवडून फुलदाणी घेणारेही असतात.